अरुंदमापी वाफ एंजिनांच्या प्रतिकृती

अरुंदमापी लोहमार्गांवर चालणाऱ्या वाफ एंजिनांच्या ठराविक प्रमाणात लहान केलेल्या आणि बहुधा स्वतःच्याच वाफेवर चालणाऱ्या आकृती. काचेच्या कपाटात ठेवण्याच्या स्थिर प्रतिकृती आणि विजेच्या चलित्रावर चालणाऱ्या प्रतिकृती याच वर्गात मोडतात. तथापि ज्यांत पाणी खरोखर उकळते, वाफ दट्ट्या ढकलते व वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते, अशा चालत्या प्रतिकृतींचाच येथे मुख्यतः विचार केला आहे. अशी प्रतिकृती नव्याने घडविणे आणि बाजारात मिळणाऱ्या किंवा जुन्या प्रतिकृतीचे माप, इंधन अथवा यंत्रणा बदलून तिचे रूपांतर करणे, ही या कलेची दोन अंगे होत.

मापे आणि प्रमाणे : लोहमार्गाच्या दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतरास त्या मार्गाचे माप म्हणतात. भारतात रुंदमापी मार्ग १,६७६ मिमी., मीटरमापी १,००० मिमी. आणि अरुंदमापी मार्ग ७६२ किंवा ६१० मिमी. यांचे आहेत. प्रतिकृतीचे रूळही ठराविक मापांचे असतात. ९, १६·५, ३२, ४५, ८९, १२७ आणि १८४ मिमी. ही मापे विशेष प्रचारात आहेत. मूळ मापाला प्रतिकृतीच्या मापाने भागले असता प्रतिकृतीचे प्रमाण मिळते. अरुंदमापी एंजिनाची निवड करण्यामागील खरे कारण या साध्या भागाकारात आहे. १२७ मिमी. रुळांवर रुंदमापी एंजिनाची प्रतिकृती १:१३ प्रमाणाची होते, तर त्याच रुळांवर ७६२ मिमी. मार्गावरील एंजिनाची प्रतिकृती नेमकी १:६ प्रमाणाची होते. रूळ तेच, पण एंजिन दुपटीहून अधिक मोठे. त्यामुळे झडपा, तोट्या, दांड्यांचे सांधे हे भाग हाताळता येतील एवढे मोठे राहतात, अग्निपेटीत कोळसा टाकता येतो आणि चालकाला मागे बसून एंजिन चालविता येते.

लहान प्रमाणांत मात्र हा भागाकार असा सरळ उतरत नाही. नेरळ–माथेरान मार्ग (१९०७) ६१० मिमी. मापाचा असल्याने १:१९ प्रमाणात त्याचे रूळ बरोबर ३२ मिमी. अंतरावर येतात. याच प्रमाणात ७६२ मिमी. मार्ग ४० मिमी. चा होतो आणि या मापाचे तयार रूळ किंवा चाके बाजारात मिळत नाहीत. मग ३२ मिमी. रूळ वापरून एंजिन रुळांच्या मानाने रुंद दिसू द्यावे, ४५ मिमी. रूळ वापरून ते अरुंद दिसू द्यावे, की प्रमाणच बदलून १:१७ घ्यावे, असा प्रश्न उभा राहतो. तिन्ही मार्ग अनुसरले जातात. प्रमाण बदलणे सर्वांत प्रामाणिक खरे, पण मग डबे, फलाट, माणसांच्या आकृती सर्व काही त्याच प्रमाणात स्वतः करावे लागते. विजेवर चालणाऱ्या लहान प्रतिकृतींत १:८७ हे प्रमाण सोयीचे ठरते. कारण त्यात ७६२ मिमी. चे ८·७६ मिमी. होतात व रुंदमापी गाड्यांच्या अतिलहान प्रतिकृतींसाठी बनविलेला ९ मिमी. मापाचा तयार सांगाडा, चलित्रासह, जवळजवळ फरक न पडता त्याखाली बसविता येतो.

मूळ एंजिने : ७६२ मिमी. माप महाराष्ट्राला व मराठी राजसत्तांना चांगले परिचित होते. भारतातील पहिला अरुंदमापी मार्ग बडोद्याच्या गायकवाडांनी मियागाम ते डभोई असा १८६२ मध्ये सुरू केला. प्रारंभी त्यावर बैलांनी गाड्या ओढल्या जात. बार्शी लाइट रेल्वे (१८९७) ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारली. आसावरील भार ५ टनांच्या आसपास ठेवूनही अरुंदमापी मार्गावर मोठी एंजिने व डबे चालविता येतात, हे त्याने तेथे दाखवून दिले. लीड्सच्या किटसन कंपनीने घडविलेली बार्शीची एंजिने आणि इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड मार्गावरील (१९०४) त्यांच्या वळणाची एंजिने प्रतिकृतिकारांच्या आवडीची आहेत.

भंडारा जिल्ह्याचा या विषयाशी असलेला संबंध सर्वांत निकटचा म्हणावा लागेल. नागपूर–छत्तीसगढ रेल्वे १८८०–८२ या काळात या जिल्ह्यातून राजनांदगावपर्यंत नेण्यात आली, ती मीटरमापी होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बेंगॉल–नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन रुंदमापी केली. पुढे याच कंपनीने गोंदियाहून सातपुड्यात शिरणारा ७६२ मिमी. मार्ग १९०३ ते १९०५ या काळात नैनपूरवरून जबलपूरपर्यंत पूर्ण केला. गोंदियातून दक्षिणेकडे नागभीडमार्गे चांद्याकडे जाणारा मार्गही त्याच मापाचा होता. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. अशा रीतीने या एकाच जिल्ह्याने तिन्ही मापे पाहिली आणि मापांतराचे दोन्ही प्रकार अनुभवले. चांद्याकडील मार्ग १९९० नंतरच्या दशकात रुंदमापी झाला. नैनपूर–जबलपूर भागातील अरुंदमापी वाहतूक २०१५ मध्ये आणि नागपूर–उमरेड–भिवापूर–नागभीड मार्गावरील २०१९ मध्ये थांबली. वाफ एंजिने तर त्याआधीच डीझेल एंजिनांना जागा देऊन गेली होती. विदर्भातील मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावर १९२१ मध्ये मँचेस्टर येथे बनलेले वाफ एंजिन एप्रिल १९९४ पर्यंत टिकून राहिले, हा अपवाद होय.

या मार्गांवरील एंजिनांपैकी प्रतिकृतीसाठी विशेष योग्य म्हणजे बेंगॉल–नागपूर रेल्वेचे ‘सी–सी’ वर्गाचे एंजिन. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घडविलेल्या या एंजिनाची चाकरचना ४–६–२ अशी, म्हणजे पुढे चार भारवाहक चाके, मध्ये सहा चालक चाके व अग्निपेटीखाली दोन चाके अशी आहे. नागपूरच्या मोतीबाग भागात अरुंदमापी गाड्यांची देखभाल करणारी कर्मशाळा होती. तेथेच २००२ मध्ये अरुंदमापी रेल्वे संग्रहालय सुरू झाले आणि या मार्गांवरील काही एंजिने तेथे जतन करण्यात आली. प्रत्यक्ष एंजिनावरून मापे घेण्याची सोय त्यामुळे झाली.

आकारबदलाचे परिणाम : प्रतिकृती म्हणजे मूळ यंत्राचे प्रत्येक माप सारख्या प्रमाणात कमी करून झालेले यंत्र, अशी सर्वसाधारण समजूत असते. दिसण्यापुरती ती बरोबर आहे. चालण्याच्या दृष्टीने ती फसवी आहे. लांबी सहापट कमी केली की पृष्ठफळ छत्तिसपट आणि घनफळ दोनशे सोळापट कमी होते. निसर्गाचे नियम मात्र त्या प्रमाणात लहान होत नाहीत.

पहिला परिणाम उष्णतेवर होतो. पाण्याच्या मानाने बाष्पित्राचे पृष्ठ सहापट अधिक झाल्याने ते लवकर तापते व तितक्याच लवकर निवते. वाफ सिलिंडरात पोहोचेपर्यंत तिचा बराच भाग थंड भिंतींवर पाणी होऊन बसतो. म्हणून प्रतिकृतीचे सिलिंडर व वाफनळ्या यांना उष्णतारोधक वेष्टन द्यावे लागते आणि सुरुवातीस सिलिंडरातील पाणी बाहेर काढण्यासाठी तोट्या उघड्या ठेवाव्या लागतात; पाणी दाबले जात नसल्याने तसे न केल्यास सिलिंडराचे झाकण फुटण्याची भीती असते.

दुसरा परिणाम ओढीवर होतो. एंजिनाची ओढ सिलिंडराच्या व्यासाचा वर्ग, दट्ट्याच्या फेरीची लांबी व वाफेचा दाब यांच्या सम प्रमाणात आणि चालक चाकाच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. दाब तोच ठेवला, तर १:६ प्रतिकृतीची ओढ छत्तिसाव्या भागावर येईल, पण वजन मात्र दोनशे सोळाव्या भागावर. मूळ दाब दर चौ. सेंमी.ला ११ किग्रॅ. आणि प्रतिकृतीतील दाब ५ किग्रॅ. धरला, तरी वजनाच्या मानाने प्रतिकृतीची ओढ मूळ एंजिनाच्या सु. पावणेतीन पट भरते. परिणामी नवशिक्याने वाफनियंत्रक एकदम उघडला की चाके जागच्या जागी गरगरतात. यासाठी अनेक कारागीर सांगाड्यात शिशाची वा पोलादाची वजने दडवितात. मूळ एंजिन ३० टनांचे आहे असे धरल्यास १:६ प्रतिकृतीचे वजन सु. १४० किग्रॅ. भरेल. त्यातील ८५ किग्रॅ. चालक चाकांवर असून रूळ व चाक यांतील घर्षणगुणांक ०·२५ असेल, तर घसरल्याशिवाय मिळणारी ओढ सु. २१ किग्रॅ. होईल. सपाट मार्गावर, गोळ्यांच्या धारव्यांवर फिरणारी चाके असलेल्या बैठ्या गाड्यांत सु. पंधरा प्रौढ माणसे नेण्यास एवढी ओढ पुरते. शंभरात एक असा चढ लागला, तर मात्र ही संख्या जवळजवळ निम्म्यावर येते.

काही गोष्टी तर लहान करताच येत नाहीत. कोळशाचा जाळ विशिष्ट जाडीचा नसेल तर तो धगधगत नाही. मूळ बाष्पित्रातील ४५ मिमी. व्यासाची धूमनलिका प्रमाणात ७·५ मिमी. ची होईल व काजळीने लवकरच बुजेल. म्हणून धूमनलिका संख्येने कमी व व्यासाने मोठ्या ठेवतात. जलपातळी दाखविणारी काचनळी फार बारीक केली, तर पृष्ठताणामुळे पाणी तिच्यात अडकून राहते आणि बाष्पित्र कोरडे पडत आले तरी नळीत पाणी भरपूर दिसते. दिसण्यातील प्रामाणिकपणासाठी येथे हट्ट धरणे धोक्याचे असते. चांगला कारागीर काचनळी प्रमाणापेक्षा जाडच बसवितो.

बाष्पित्र : प्रतिकृतीतील सर्वांत महत्त्वाचा व जोखमीचा भाग. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत लहान एंजिने बहुधा स्पिरिटच्या दिव्यावर चालत आणि ती स्वतःपुरतीच धावत. लहान एंजिनातही कोळसा पेटवून खरी माणसे ओढता येतात, हे लंडनमधील ‘मॉडेल एंजिनियर’ (स्थापना १८९८) या नियतकालिकातून ‘एल. बी. एस. सी.’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लॉरेन्स या कारागिराने १९२० नंतरच्या काळात सिद्ध केले. त्यावरून झालेला वाद ‘बाष्पित्रांची लढाई’ या नावाने ओळखला जातो. लहान कोळसाभट्टीच्या बाष्पित्राची जी रचना आज सर्वत्र वापरात आहे, तिच्या प्रसारात त्याच्या लेखनाचा वाटा मोठा आहे.

लहान बाष्पित्रासाठी तांबे ही सर्वांत योग्य धातू समजली जाते. ती गंजत नाही, उष्णता उत्तम वाहते आणि ठोकून हवा तसा आकार घेते. पत्र्याची किमान जाडी काढण्याचे सूत्र सोपे आहे : दाब व व्यास यांच्या गुणाकारास अनुज्ञेय ताणाच्या दुपटीने भागावे. तांब्याचे ताणबल दर चौ. सेंमी.ला सु. २,००० किग्रॅ. असते व सुरक्षागुणक १० धरल्यास अनुज्ञेय ताण २०० किग्रॅ. येतो. १५ सेंमी. व्यासाच्या व ५ किग्रॅ. दाबाच्या बाष्पित्रास यावरून १·९ मिमी. जाडी पुरते. प्रत्यक्षात ३ मिमी. पत्रा घेतात, कारण डाखकामाच्या उष्णतेने तांबे मऊ पडते आणि सांधे पत्र्याइतके सशक्त असतातच असे नाही. अग्निपेटीच्या सपाट भिंतींना दाबाने फुगवटा येऊ नये म्हणून त्या बाहेरील कवचाशी तांब्याच्या किंवा कास्याच्या अनेक आखूड ताणदांड्यांनी बांधून टाकतात.

बाष्पित्राच्या टोकांचे पत्रे लाकडी किंवा पोलादी साच्यावर ठोकून त्यांच्या कडा वळवाव्या लागतात. हे काम आणि हंड्याचा तळ घडविण्याचे काम यांत तत्त्वतः फरक नाही. तांबे काही काळ ठोकले की कडक होते. मग ते मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवितात. पोलाद असे विझविल्यास कडक होते, तांबे उलट मऊ होते, हे तांबटाच्या घरातील मुलालाही ठाऊक असते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ते पुष्कळदा शिकवावे लागते. भंडारा शहर धातूच्या भांड्यांसाठी, विशेषतः पितळी भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे आणि पुण्याच्या तांबट आळीप्रमाणे तेथील कारागिरांच्या हातातही पत्रा वळविण्याचे व मठारण्याचे कसब पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बाष्पित्राच्या पत्रेकामास हवे असते ते हेच. मात्र पितळेची ख्याती येथे उपयोगाची नाही. उष्ण पाण्याच्या दीर्घ संपर्काने पितळेतील जस्त निघून जाते व धातू सच्छिद्र आणि ठिसूळ होते. वरून ती पूर्वीसारखीच दिसते. म्हणून दाब सहन करणाऱ्या ताणदांड्या, तोट्यांची बूडे, झडपांचे आधार हे भाग पितळेचे करू नयेत, कास्याचे किंवा गनमेटलचे करावेत. घुमट, धुराड्याची कडा, नामपट्टिका यांसाठी पितळ निःशंकपणे वापरावे.

सांधे जोडण्यासाठी चांदीयुक्त डाख लागतो. तो सु. ६०० ते ७०० °से. दरम्यान वितळतो, तर तांबे १,०८३ °से. ला. शिसे–कथील यांचा साधा डाख १८३ °से. च्या आसपास मऊ होतो. दाबमापकावर ५ किग्रॅ. दाब असताना वाफेचे तापमान सु. १५८ °से. असते. म्हणजे साध्या डाखाने जोडलेला सांधा वितळण्यापासून अवघे २५ अंश दूर असतो आणि पाणी थोडे उतरले की हे अंतर संपते. जुन्या चांदीयुक्त डाखांत कॅडमियम असे. त्याची वाफ फुप्फुसांना अत्यंत घातक असल्याने कॅडमियमरहित डाखच वापरावा व काम मोकळ्या हवेत करावे. एवढ्या मोठ्या तांब्याच्या वस्तूस एकसारखी उष्णता देणे एकट्याला अवघड जाते; एकाने सर्व वस्तू तापत ठेवणे व दुसऱ्याने सांध्यावर ज्योत धरणे, अशी जोडीने केलेली कामेच बहुधा यशस्वी होतात.

नव्या बाष्पित्राची चाचणी थंड पाण्याने, नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाबावर घेतात. पाणी दाबले जात नसल्याने त्यात ऊर्जा साठत नाही आणि सांधा फुटला तरी केवळ पाणी झिरपते. वाफेच्या दाबाखालील पाण्याची गोष्ट वेगळी. १५८ °से. च्या एक लिटर पाण्यावरील दाब एकाएकी नाहीसा झाला, तर त्यातील सु. ११ टक्के पाण्याची तत्काळ वाफ होते व ती सु. १८० लि. जागा व्यापते. बाष्पित्र फुटते ते मुख्यतः या पाण्यामुळे, वर साठलेल्या थोड्याशा वाफेमुळे नव्हे.

याबाबतीत कायद्याची स्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. १९२३ च्या भारतीय बाष्पित्र अधिनियमाच्या कक्षेत प्रारंभी २२·७५ लि. हून अधिक धारणेची पात्रे येत. २००७ च्या दुरुस्तीने ही मर्यादा २५ लि. करण्यात आली आणि त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२५ च्या अधिनियमातही ती कायम आहे. मूळ बाष्पित्रात २,००० लि. पाणी मावत असेल, तर १:६ प्रतिकृतीत सु. ९ लि. मावते. म्हणजे पंधरा माणसांना ओढणारे आणि बहुधा लहान मुलांच्या गराड्यात चालणारे हे बाष्पित्र सरकारी निरीक्षणाबाहेर राहते. इंग्लंडमध्ये प्रतिकृतिकारांच्या संस्था आपापल्या सभासदांच्या बाष्पित्रांची ठराविक काळाने चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. अशी संस्था जवळ नसेल तेथे कारागिराने दुसऱ्या जाणकाराकडून चाचणी करून घ्यावी व तिची लेखी नोंद ठेवावी. स्वतः केलेल्या सांध्याचा दोष स्वतःच्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.

सांगाडा व यंत्रणा : सांगाडा पोलादी पट्ट्यांचा, चाके बिडाची आणि सिलिंडर गनमेटलचे किंवा बिडाचे करतात. लेथ, छिद्रण यंत्र आणि शक्य तर चक्रीकर्तन यंत्र एवढी साधने पुरेशी होतात. अनेक अरुंदमापी एंजिनांत सांगाडा चाकांच्या बाहेरच्या बाजूस असतो, त्यामुळे अग्निपेटीला रुंदी मिळते. अशा एंजिनात आसाच्या टोकांवर स्वतंत्र भुजा बसवाव्या लागतात. एका बाजूची भुजा दुसरीच्या ९० अंश पुढे ठेवतात. तसे नसल्यास एंजिन मृतबिंदूवर थांबून पुन्हा सुरू होणार नाही. हा कोन सर्व आसांवर तंतोतंत सारखा असावा लागतो. तो थोडा चुकला तरी जोडदांडे अडतात आणि चाके फिरताना अडखळतात. कोन ९० च्या ऐवजी ८९ अंश असला तर बिघडत नाही, पण तो सर्वत्र ८९ च असला पाहिजे.

मोठ्या प्रतिकृतींत मूळ एंजिनाची झडप यंत्रणा जशीच्या तशी करतात. लहानांत सरकत्या विकेंद्रीची सोपी योजना पुरते. तीत एंजिन ज्या दिशेने न्यायचे त्या दिशेने प्रथम हाताने थोडे ढकलावे लागते. वंगणासाठी वापरली जाणारी युक्ती मोठी सुबक आहे. तेलाने भरलेल्या लहान कुपीत वाफेचा एक बारीक फाटा सोडतात. वाफेचे पाणी होऊन ते तळाशी जाते आणि तेवढेच तेल वर ढकलले जाऊन वाफेबरोबर सिलिंडरात पोहोचते. एकही हलता भाग नसलेला हा वंगणपुरवठा वर्षानुवर्षे बिघडत नाही.

रूपांतर : तयार प्रतिकृतीत फेरफार करण्याचे काम नव्या बांधणीपेक्षा सोपे वाटते, पण त्यात दुसऱ्याच्या रचनेच्या मर्यादा पाळाव्या लागतात. सर्वांत साधे रूपांतर म्हणजे ३२ मिमी. मापाचे एंजिन ४५ मिमी. रुळांवर आणणे. दोन चाकांच्या आतील पृष्ठांमधील अंतर सु. २८ मिमी. असते, ते सु. ४० मिमी. करावे लागते, म्हणजे प्रत्येक चाक ६ मिमी. बाहेर सरकवावयाचे. सांगाडा चाकांच्या बाहेर असेल तर आत तेवढी जागा बहुधा असते. तो आत असेल, तर चाकांबरोबर भुजा, दांडे व सिलिंडर हे सर्वच बाहेर न्यावे लागतात व ते काम नव्याने बांधण्यासारखेच होते.

दुसरे रूपांतर सिलिंडरांचे. इंग्लंडमधील मामोड कंपनीने १९८० च्या सुमारास आणलेल्या स्वस्त एंजिनाने अनेकांना या छंदाची गोडी लावली. त्याचे सिलिंडर डोलणारे असतात : सिलिंडर एका खिळीवर डोलतो व त्याच्या पाठीवरील छिद्र आळीपाळीने वाफेच्या आणि निकासाच्या छिद्रासमोर येते. सिलिंडर पाठीमागील पृष्ठावर केवळ स्प्रिंगने दाबून धरलेला असल्याने दाब वाढला की तो पृष्ठावरून उचलला जातो व वाफ निसटते. म्हणजे अशा एंजिनात दाब वाढवून शक्ती मिळत नाही. ती हवी असल्यास स्थिर सिलिंडर व सरकती झडप बसविणे हाच मार्ग. तसे करताना मूळचे बाष्पित्र वाढीव दाबास योग्य नसल्यास तेही बदलणे भाग आहे. सुरक्षा झडपेची स्प्रिंग आवळून काम भागविण्याचा मोह अनेकांना होतो व या छंदातील तो सर्वांत वाईट मोह होय.

तिसरे रूपांतर इंधनाचे. घन इंधनाच्या वड्या किंवा स्पिरिट यांऐवजी ब्युटेन वायूचा ज्वालक बसविल्यास आच नियंत्रित करता येते. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, हा तिचा दोष यामुळे टळतो. मात्र विदर्भातील उन्हाळ्याचा येथे स्वतंत्र विचार करावयास हवा. ४० °से. ला ब्युटेनाचा बाष्पदाब वातावरणीय दाबाच्या सु. ४ पट, तर प्रोपेनाचा सु. १३·५ पट असतो. घरगुती सिलिंडरातील वायूत हे दोन्ही असल्याने, केवळ ब्युटेनासाठी बनविलेली एंजिनातील टाकी त्या वायूने कधीही भरू नये. मे महिन्यात ४५ °से. पर्यंत चढणाऱ्या तापमानात, तापलेल्या बाष्पित्राशेजारी ठेवलेली अशी टाकी फुटू शकते. चालू असताना पाणी भरण्याची सोय नसलेल्या लहान एंजिनात इंधन मोजून असे घालावे की पाण्याआधी ते संपेल.

महाराष्ट्रातील प्रतिकृती : पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथील गाड्या विजेवर चालतात. सिग्नल व वाहतूक नियंत्रणाची त्यातील मांडणी अभ्यासण्याजोगी आहे. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गायकवाड राजपुत्रांसाठी चालविली जाणारी व पुढे सयाजीबागेत मुलांसाठी धावू लागलेली छोटी गाडी वाफेची होती.

जतन केलेल्या एंजिनावरून प्रतिकृती करावयाची असेल, तर मापे घेण्यास पुष्कळ वेळ द्यावा लागतो. बाहेरील आकार छायाचित्र व फीत यांनी मिळतो. रंगाच्या थरांमुळे रिव्हेटांची डोकी जाड भासतात व पत्र्यांच्या कडा बोथट, हे ध्यानात ठेवावे. चाकांचा व्यास झीज धरून थोडा वाढवून घ्यावा. खरी अडचण आतील भागांची असते. संग्रहालयातील एंजिनाची अग्निपेटी बंद असते, झडपपेट्या उघडता येत नाहीत आणि धूमनलिकांची संख्या धूम्रपेटीचे दार उघडल्याखेरीज मोजता येत नाही. कारखान्याचा मूळ आराखडा मिळाला तरी पुढील पन्नास–साठ वर्षांत कर्मशाळेने केलेल्या दुरुस्त्या त्यात नसतात. एखादी वाफनळी आराखड्यात एका बाजूने आणि एंजिनावर दुसऱ्या बाजूने गेलेली आढळते. अशा जागी त्या मार्गावर काम केलेल्या फिटरांची व फायरमनांची माहिती आराखड्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. वाफ बंद होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्याने असे लोक आता वृद्ध झाले आहेत. त्यांना विचारून आराखड्याच्या प्रतीवर त्या त्या ठिकाणी, दिनांकासह, नोंद करून ठेवावी.